कचराभूमीभोवतीच्या चार निरीक्षण विहिरी: आकडे पाण्याचे की नळीचे?

ओलरेघ (प्रश्न):

एका जुन्या कचराभूमीभोवती भूजलाच्या प्रतीवर लक्ष ठेवण्यासाठी घेतलेल्या चार निरीक्षण विहिरींचे काम काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. दर तीन महिन्यांनी एक फेरी याप्रमाणे आठ फेऱ्यांचे निकाल हाताशी आहेत. ते सगळे प्रथमच एका तक्त्यात मांडले, तेव्हा समाधान होण्याऐवजी प्रत्येक विहिरीपुढे एकेक प्रश्नचिन्ह उभे राहिले. वरिष्ठांना अहवाल देण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विहिरी म्हणजे आतून ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळ्या आहेत. खोली सुमारे १५ मीटर, पाणी साधारण ९ मीटरवर लागते आणि तळाकडचा ३ मीटरचा भाग जाळीचा आहे. स्तर मध्यम जाड दाण्यांच्या वाळूचा आहे. क्रमांक १ ची विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे कचऱ्याची झळ न लागलेले मूळ पाणी दाखवण्यासाठी, आणि २, ३ व ४ या खालच्या अंगाला आहेत, असे मूळ नकाशात म्हटले आहे.

विहीर १ मध्ये क्लोराइड लिटरमागे ९५ मिलिग्रॅम येते, तर खालच्या अंगाच्या विहिरींत ६० ते ७०. म्हणजे जी सर्वांत निर्मळ असायला हवी, तीच सर्वांत खारट. विहीर २ चे पाणी नेहमी गढूळ असते आणि तिच्यात लोह लिटरमागे १४ मिलिग्रॅम व शिसे ३८ मायक्रोग्रॅम निघाले. विहीर ३ मध्ये नायट्रेट पहिल्या सहा फेऱ्यांत ८ ते १० मिलिग्रॅम होते, ते शेवटच्या दोन फेऱ्यांत एकदम ३९ आणि ४१ झाले. जुनी विहीर ४ गाळाने भरल्यामुळे पाच महिन्यांपूर्वी तिच्या शेजारी नवी घेतली. तिच्या पाण्याचा सामू (पीएच) ११.३ आहे.

नमुना घेण्याची आमची रीत अशी: बेलर (दोरीला बांधलेली नळीसारखी लांबट बादली) विहिरीत सोडून तीन-चार वेळा पाणी काढून टाकायचे, मग एक साधी आणि एक आम्ल घातलेली बाटली भरायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. नायट्रेटच्या उडीमुळे कचऱ्याचा झिरप, म्हणजे त्यातून झिरपणारे दूषित पाणी, विहिरीपर्यंत पोचला, असा निष्कर्ष काढण्याची घाई आमच्याकडे सुरू झाली आहे. तो काढावा का, आणि काढू नये असे असेल तर आधी काय तपासावे?

भूस्तर:

निष्कर्ष तूर्त काढू नये. निरीक्षण विहिरीतून वर आलेला आकडा आधी त्या नळीविषयी सांगतो, मग नमुना घेणाऱ्याच्या हाताविषयी, आणि हे दोन्ही थर बाजूला सारल्यावर जे उरते ते जलधराविषयी, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूस्तराविषयी, असते. आपल्या चार शंकांपैकी निदान दोन पहिल्या थरातल्या असाव्यात, असे मला वाटते.

सर्वांत सोपी विहीर ४. नैसर्गिक भूजलाचा सामू बहुतेक ठिकाणी ६ ते ८.५ च्या दरम्यान असतो. तो ११ च्या पुढे गेला की पहिला संशय सिमेंटवर घ्यायचा. बोअर आणि नळी यांमधली पोकळी भरताना जाळीभोवती रेती, तिच्यावर किमान अर्धा-पाऊण मीटर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा) थर आणि मगच सिमेंटचा लगदा, असा क्रम असतो. बेंटोनाइटला फुगायला वेळ न देता वरून सिमेंट ओतले, तर ते रेतीत उतरते आणि पुढे दीर्घकाळ पाण्यात चुना सोडत राहते. त्या पाण्याचे इतर आकडेही मग निरुपयोगी ठरतात, कारण इतक्या सामूला काही धातू साक्याच्या रूपाने खाली बसतात, तर मातीच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक उलट सुटून पाण्यात येते. विहीर जोरदार खळबळवून आणि उपसून पाहा. चार-पाच वेळा उपसूनही सामू उतरत नसेल, तर ती विहीर सोडून द्यावी लागेल. मात्र सोडणे म्हणजे झाकण लावून विसरणे नव्हे, तर तळापासून तोंडापर्यंत ती बुजवणे. न बुजवलेली नळी ही वरची घाण खाली नेणारी आयती वाट असते.

आता विहीर १, जिच्यावर आपल्या सगळ्या तुलनेचा डोलारा उभा आहे. ती वरच्या अंगाला आहे हे कशावरून ठरले? पुष्कळदा जमिनीचा उतार पाहून पाण्याचाही उतार गृहीत धरला जातो, आणि उथळ भूजलाच्या बाबतीत तो अंदाज बऱ्याचदा बरोबरही येतो. पण 'बऱ्याचदा' या शब्दावर दोन वर्षांचे निकाल टांगून ठेवणे बरे नाही. प्रवाहाची दिशा काढायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींतली पाणीपातळी एकाच दिवशी मोजावी लागते, आणि प्रत्येक नळीच्या तोंडाची उंची एकाच आधारबिंदूपासून, सेंटिमीटरच्या आतल्या अचूकतेने, माहीत असावी लागते. वाळूच्या स्तरात १०० मीटर अंतरावर पातळीतला फरक २० सेंटिमीटर असणे नेहमीचे आहे. तोंडाच्या उंचीत ५ सेंटिमीटरची चूक झाली, तर उताराचा चौथा भाग तिथेच गिळला जातो. २५ सेंटिमीटरची झाली, तर दिशाच उलटते.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. कचऱ्याच्या ढिगाला वरून अभेद्य आच्छादन नसेल, तर पावसाचे पाणी त्यातून मुरते आणि ढिगाखाली भूजलपातळीला उंचवटा येतो. मग पाणी एका दिशेने न वाहता उंचवट्यापासून सर्व बाजूंनी निघते, आणि 'वरच्या अंगाची' विहीर खालच्या अंगाला येते. जवळच्या एखाद्या मोठ्या उपशानेही प्रवाह ऋतूपुरता फिरतो, म्हणून पातळ्या एकदा मोजून भागत नाही.

पाणी तिथवर पोचायला किती काळ लागतो, याचा हिशेबही एकदा करून ठेवा. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली वाळूच्या गाळणीवरच्या प्रयोगांतून मांडलेला नियम इथे पुरतो. वाळूची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) दिवसाला १० मीटर, उतार ०.००२ आणि सच्छिद्रता (दाण्यांमधल्या पोकळीचा हिस्सा) ०.२५ धरली, तर पाण्याचा वेग दिवसाला ८ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे २९ मीटर निघतो. कचऱ्याच्या कडेपासून ६० मीटरवरच्या विहिरीत आज जे दिसते, ते साधारण दोन वर्षांपूर्वी तिथून निघालेले असते. असे सावकाश चालणारे पाणी तीन महिन्यांत चौपट बदलले, असे कागद म्हणत असेल, तर मी आधी कागदावर संशय घेतो.

विहिरींच्या संख्येविषयी थोडेसे. वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला तीन, ही मांडणी अमेरिकेच्या १९८० च्या घातक-कचरा नियमांमध्ये किमान म्हणून आली आणि पुढे बऱ्याच ठिकाणी तीच पुरेशी म्हणून वापरली जाऊ लागली. प्रत्यक्षात वाळूत दूषित पाण्याचा पट्टा रुंद पसरत नाही. कॅनडातल्या बोर्डेन इथे १९८२ साली सुरू झालेल्या प्रयोगात हजारो नमुनाबिंदूंच्या दाट जाळ्यातून खुणेचा द्राव मागोवत गेल्यावर दिसले, की तो प्रवाहाच्या दिशेने लांबत जातो, पण आडवा फारच थोडा फाकतो. दोन विहिरींमध्ये ८० मीटरची मोकळी जागा असेल, तर असा अरुंद पट्टा त्यांच्यामधून निमूट निघून जाऊ शकतो आणि दोन्हींचे निकाल निर्मळ येतात.

दोरबादली:

मी नमुने घेण्याचेच काम करतो, त्यामुळे विहीर २ विषयी लिहितो.

आपल्या विहिरीत ६ मीटर पाणी उभे आहे. ५० मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे जवळजवळ २ लिटर पाणी मावते, म्हणजे नळीत १२ लिटर. बेलर साधारण लिटरभराचा. तीन-चार वेळा काढले म्हणजे चार लिटर गेले. उरलेले आठ लिटर तीन महिने नळीत उभे राहून शिळे झालेले पाणी आहे आणि आपल्या बाटलीत बहुधा तेच जाते. नळीतल्या पाण्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ३५ लिटर उपसून मग नमुना घ्यावा, ही जुनी रीत आहे. ती चुकीची नाही, पण बेलरने ३५ लिटर काढायचे म्हणजे पस्तीस वेळा तो पाण्यात आपटायचा, आणि दर आपटण्यागणिक जाळीभोवतीची बारीक माती ढवळून आत येते. त्यात हवा मिसळते, आणि उडून जाणारी रसायने असतील तर ती तिथेच उडून जातात.

त्यापेक्षा लहान पंप जाळीच्या मध्यावर सोडून मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथपणे पाणी काढावे. उपसताना नळीतली पातळी शक्यतो १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरू देऊ नये, म्हणजे वरचे शिळे पाणी खाली ओढले जात नाही आणि जाळीतून ताजे पाणीच पंपात येते. पाणी बंद पात्रातून वाहते ठेवून त्यात सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा दर तीन ते पाच मिनिटांनी मोजत जायचे. लागोपाठच्या तीन मोजमापांत सामू ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन व गढूळपणा १० टक्क्यांच्या आत स्थिर झाले, की बाटली पुढे करायची. किती लिटर गेले यापेक्षा पाणी स्थिरावले का, हे महत्त्वाचे. कधी वीस मिनिटांत होते, कधी तास मोडतो. गढूळपणा सर्वांत शेवटी खाली येतो आणि तोच माणसाचा अंत पाहतो.

आपल्या शिशाचे मूळ मला या गढूळपणातच दिसते. गढूळ पाणी आम्लाच्या बाटलीत गेले की आम्ल त्या मातीच्या कणांतले लोह, ॲल्युमिनिअम आणि शिसे विरघळवते, आणि प्रयोगशाळा मोजते ते पाण्यातले नव्हे, तर बाटलीत शिरलेल्या चिखलातले शिसे. शिवाय विहीर नेहमीच गढूळ असेल, तर ती घेतल्यानंतर नीट खळबळवून साफ केलेली नसावी, किंवा जाळीच्या फटी भोवतालच्या मातीच्या मानाने मोठ्या असाव्यात. पहिल्यावर इलाज आहे, दुसऱ्यावर नाही.

माझीही एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सहा विहिरींच्या नमुन्यांत टोल्युइन हे उडून जाणारे द्रावक निघाले आणि मोठी धावपळ झाली. सुदैवाने त्या पेटीत प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याने भरून आलेली आणि न उघडता तशीच परत गेलेली एक कुपी होती. तिच्यातही टोल्युइन सापडले. मी बाटल्यांवर क्रमांक घालायला वापरलेला जाड शाईचा पेन त्याच पेटीत, झाकण सैल ठेवून टाकलेला होता. तेव्हापासून ती कोरी कुपी नेल्याशिवाय मी विहिरीवर जात नाही, आणि लेबले पेन्सिलीने लिहितो.

विहिरींचा क्रम नेहमी निर्मळ पाण्याकडून दूषिताकडे ठेवा. फक्त तुमच्या बाबतीत निर्मळ कोणती, हेच आधी ठरायचे आहे.

परीक्षानळी:

विहीर ३ च्या नायट्रेटविषयी एक प्रश्न विचारते: सहाव्या आणि सातव्या फेरीच्या मध्ये प्रयोगशाळा, किंवा निदान निकालपत्राचा नमुना, बदलला होता का?

विचारण्याचे कारण असे, की नायट्रेटचा आकडा दोन प्रकारे लिहिला जातो. एकात संपूर्ण नायट्रेट आयनाचे वजन धरतात आणि दुसऱ्यात फक्त त्यातल्या नायट्रोजनचे. पहिल्याचा भार ६२, दुसऱ्याचा १४, म्हणून एकाच पाण्याचे हे दोन आकडे एकमेकांच्या ४.४३ पट असतात. आपल्या ९ ला ४.४३ ने गुणले तर ३९.९ येतात, आणि आपले नवे आकडे आहेत ३९ आणि ४१. इतका नेमका योगायोग मला पटत नाही.

आम्लाच्या बाटलीतून चुकून नायट्रेट तपासले गेले असेल, अशीही शंका कोणी काढील, कारण धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्लच घालतात. पण लिटरला २ मिलिलिटर संहत नायट्रिक आम्ल घातले, तर नायट्रेट जवळजवळ २,००० मिलिग्रॅम दिसेल, ४१ नव्हे. ती चूक लपत नाही.

खात्री करायला निकालपत्राच्या मथळ्यांखेरीज एक स्वतंत्र मार्ग आहे. पाण्यात धन आणि ऋण आयनांचे भार समान असावेच लागतात. प्रमुख आयन मिलिग्रॅममधून मिलिसममूल्यात (वजनाऐवजी विद्युतभारावर आधारलेल्या एककात) बदलून दोन्ही बाजूंची बेरीज करा. फरक एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल, तर विश्लेषण साधारण ग्राह्य मानतात. आपल्या आठव्या फेरीचे प्रमुख आयन इथे दिलेत, तर गणित मी करून देते.

दोरबादली यांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. धातूंचा नमुना विहिरीवरच ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून मग आम्लात घ्यावा, असा माझा आग्रह आहे. गाळण्याआधी आम्ल घातले तर गाळण्याला अर्थ उरत नाही. आणि न गाळता, आम्ल न घालता नेले, तर ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातले लोह हवा लागताच तांबूस साका होऊन खाली बसते आणि जाताना आर्सेनिकही सोबत घेऊन जाते. मग अहवालात आर्सेनिक नाही असे छापले जाते, जे खरे नसते.

नमुना पोचण्याचा वेळही पाहा. नायट्रेट थंड ठेवून ४८ तासांत तपासले पाहिजे, म्हणून दुसरा दिवस चालतो. सहा-संयुजी क्रोमिअमला, वेगळे संरक्षक न घालता, २४ तासांचीच मुदत असते. सामू तर विहिरीवरच मोजायचा असतो. प्रयोगशाळेत मोजलेला सामू हा बाटलीचा सामू.

दोरबादली:

गाळण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. काही धातू अतिसूक्ष्म कणांना चिकटून खरोखरच पाण्याबरोबर प्रवास करतात, आणि गाळणी त्यांना अडवते. संथ उपशाने पाणी नितळ येत असेल, तर न गाळलेला नमुनाच जलधराशी अधिक प्रामाणिक असतो. निदान एका फेरीत दोन्ही घ्यावेत आणि त्यांतला फरक पाहावा.

परीक्षानळी:

दोन्ही घ्यावेत हे मान्य. गढूळ पाणी न गाळता आम्लात जाऊ नये, एवढाच माझा मुद्दा होता.

ओलरेघ:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात एक जादा फेरी केली. सर्वांचे मनापासून आभार.

आधी नायट्रेट. निकालपत्रे काढून शेजारी ठेवली. पहिल्या सहांवर स्तंभाचा मथळा 'नायट्रेट-नायट्रोजन' असा आहे आणि शेवटच्या दोनवर नुसता 'नायट्रेट'. आमच्या तक्त्यात दोन्ही एकाच स्तंभात उतरवले गेले होते. आठव्या फेरीत विहीर ३ चे इतर आयन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, असे होते: कॅल्शिअम ८४, मॅग्नेशिअम २५, सोडिअम ४४, पोटॅशिअम ४, बायकार्बोनेट ३००, क्लोराइड ६४, सल्फेट ४६.

विहीर २ चे पाणी लहान पंपाने सव्वा तास संथ उपसल्यावर नितळ झाले. न गाळलेल्या नमुन्यात शिसे ४ मायक्रोग्रॅम आले आणि गाळलेल्यात ३. लोह १४ वरून १ च्या खाली आले. विहीर ४ चा सामू पाच वेळा उपसूनही ११ च्या खाली गेला नाही. ती बुजवण्याचा प्रस्ताव दिला आहे.

खरा धक्का विहीर १ ने दिला. चारही नळ्यांच्या तोंडांची उंची नव्याने मोजून घेतली, तेव्हा विहीर १ चे तोंड नोंदीपेक्षा ३० सेंटिमीटर खाली निघाले. जुनी टिपणे चाळल्यावर कळले, की मूळ सर्वेक्षणानंतर आणि पहिल्या फेरीच्या आधी एका वाहनाचा धक्का लागून नळीचे टोक तडकले होते आणि तेवढा तुकडा कापून नवे झाकण बसवले होते. उंचीची नोंद मात्र कोणी बदलली नाही. त्यामुळे विहिरीतली पातळी आम्ही आठही फेऱ्यांत ३० सेंटिमीटर जास्त धरत आलो. विहीर २ च्या तुलनेत १ ची पातळी १८ सेंटिमीटर वर आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात ती १२ सेंटिमीटर खाली आहे. तिन्ही जुन्या विहिरींत सर्वांत उंच पातळी ३ ची आहे, २ पेक्षा ८ सेंटिमीटर वर.

याच फेरीत विरघळलेला ऑक्सिजन विहीर ३ मध्ये ५.२ मिलिग्रॅम आणि विहीर १ मध्ये ०.३ आला. विहीर १ मध्ये अमोनिअम-नायट्रोजन ६.४ मिलिग्रॅम निघाले, ३ मध्ये ते शोधमर्यादेच्या (तपासणीत ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या) खाली आहे. हे अमोनिअम याआधी कधीच तपासले गेले नव्हते.

परीक्षानळी:

गणित असे. धन आयन: कॅल्शिअम ४.१९, मॅग्नेशिअम २.०६, सोडिअम १.९१, पोटॅशिअम ०.१०; बेरीज ८.२६ मिलिसममूल्य. ऋण बाजूला बायकार्बोनेट ४.९२, क्लोराइड १.८१, सल्फेट ०.९६. आता ४१ हे संपूर्ण नायट्रेट धरले तर त्याचे ०.६६, ऋण बेरीज ८.३५, आणि तफावत अर्धा टक्का. तेच ४१ नायट्रोजन म्हणून धरले तर २.९३, बेरीज १०.६२, आणि तफावत साडेबारा टक्के. नव्या निकालपत्राचा मथळा खरा आहे आणि नायट्रेट वाढलेले नाही.

मात्र याची दुसरी बाजू अहवालात ठळकपणे लिहा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा संपूर्ण नायट्रेट म्हणून ५० मिलिग्रॅम, म्हणजे नायट्रोजन म्हणून सुमारे ११ आहे. आपल्याकडे पहिल्या सहा फेऱ्यांत ९ ची तुलना ५० शी केली गेली असेल, तर पाणी मर्यादेच्या पाचव्या हिश्शात आहे असा समज झाला असणार. वस्तुतः ते पहिल्या फेरीपासूनच चार-पंचमांशावर उभे आहे. नायट्रेटने उडी मारली ही भीती जशी खोटी, तसाच त्याआधीचा निश्चिंतपणाही खोटा.

भूस्तर:

आता चित्र जुळते आहे. कचऱ्याच्या झिरपात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे त्यातला नायट्रोजन अमोनिअमच्या रूपात राहतो. नायट्रेट तिथे टिकतच नाही, जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. ऑक्सिजनयुक्त, नायट्रेट असलेले आणि अमोनिअम नसलेले विहीर ३ चे पाणी कचऱ्याकडून आलेले दिसत नाही. ते बाहेरून, बहुधा खत घातलेल्या जमिनीतून किंवा सांडपाण्यातून आलेले असावे. उलट विहीर १ मध्ये क्लोराइड वाढलेले, ऑक्सिजन संपलेला आणि अमोनिअम हजर. दोन वर्षे जिला आपण मूळ पाण्याचा मापदंड मानले, ती विहीरच झिरपाच्या वाटेत उभी आहे, आणि बाकीच्या विहिरी तिच्यापेक्षा बऱ्या म्हणून सर्व काही ठीक, असे तक्ता सांगत राहिला.

तरीही दोन गोष्टी सिद्ध व्हायच्या आहेत. एक, हा उलटा उतार सर्व ऋतूंत तसाच राहतो का. त्यासाठी निदान वर्षभर दरमहा पातळ्या मोजाव्यात, ज्याला नमुन्यांचा खर्च लागत नाही. जुन्या आठ फेऱ्यांच्या पातळ्या टाकून देऊ नका. विहीर १ च्या प्रत्येक पातळीतून ३० सेंटिमीटर वजा केले की त्या पुन्हा वापरण्याजोग्या होतात. दोन, पाणी एका दिशेने वाहते की ढिगाखालच्या उंचवट्यापासून चोहीकडे, हे कडेच्या तीन विहिरींवरून कळणार नाही. ढिगाच्या अगदी लगत पातळी मोजण्यापुरती एक नळी हवी. विहीर ४ च्या बदली घ्यायची विहीर आता त्याच जागी न घेता, ३ च्याही पलीकडे, कचऱ्यापासून दूर घ्यावी, म्हणजे खऱ्या अर्थाने वरच्या अंगाचे पाणी मिळेल. आणि विहीर १ च्या दोन्ही बाजूंना, पट्ट्याची रुंदी कळेल अशा बेताने, आणखी दोन. तपासणीच्या यादीत अमोनिअम कायमचे घाला आणि बोरॉनही जोडा, कारण घरगुती कचऱ्याच्या झिरपात ते बहुधा सापडते आणि फारसे न अडखळता पाण्याबरोबर चालते.

विहीर १ च्या क्लोराइडचा कल पाहायचा, तर सरळ रेषा ओढण्यापेक्षा मान-केंडाल ही, आकडे काळानुसार चढतात की उतरतात हे पाहणारी, संख्याशास्त्रीय कसोटी लावा; आठ फेऱ्या तिला जेमतेम पुरतात. शोधमर्यादेखालच्या निकालांच्या जागी शून्य किंवा निम्मी मर्यादा घालून सरासरी काढू नका, ते 'पेक्षा कमी' म्हणूनच ठेवा. कसोटी फक्त क्रम पाहते, त्यामुळे मर्यादा सर्व फेऱ्यांत एकच असेल तर तिला ते चालते.

आणि वापरात राहणाऱ्या सगळ्या नळ्यांच्या काठावर उत्तर बाजूला करवतीने एक लहान खाच करून घ्या. पातळी नेहमी त्या खाचेपासूनच मोजायची, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खाचेची उंची व ती मोजल्याची तारीख लिहून ठेवायची. नळी पुन्हा कधी कापली गेली, तर खाच नाहीशी होईल आणि पुढच्या फेरीला जाणाऱ्याला ते टेप सोडण्याआधीच दिसेल.